प्रवासातल्या ट्रायपॉडसाठी बॉलहेड: कॅमेरा मान टाकतोय

मंद शटर | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता अडलंय म्हणून धागा काढतोय. ट्रायपॉडच्या पायांवर इथे भरपूर खल झालाय. कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, चार जोड की पाच, सगळं वाचून काढलं. पण वरच्या बॉलहेडचा (कॅमेरा हवा तसा वळवून नॉबने आवळायचा गोळा) विषय निघाला की जो तो एक ओळ टाकून मोकळा होतो.

माझी परिस्थिती अशी. कार्बन फायबरचा छोटा ट्रायपॉड आहे, पाय उलटे वर वळवून मिटणारा. मिटल्यावर हेड तिन्ही पायांच्या मध्ये जाऊन बसतं. सोबत आलेलं हेड अगदीच पिटुकलं, बॉल २८ मिमीचा आणि नॉब एकच. कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस, २४ मेगापिक्सेल. नेहमीची लेन्स २४-१०५ आणि अधूनमधून ७०-२०० एफ/४. ती लावली की सगळं मिळून १.६ किलो.

दुखणं काय ते सांगतो. पहाटेची वेळ, लांबच्या कड्यामागे चंद्र मावळत होता, लेन्स १८० मिमीवर. चंद्राच्या वर त्याच्या अर्ध्या रुंदीएवढी मोकळी जागा ठेवून फ्रेम जुळवली, नॉब आवळला, हात काढला. कॅमेऱ्याने अलगद मान खाली टाकली आणि चंद्र फ्रेमच्या वरच्या कडेला जाऊन चिकटला. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. मग अंदाजाने जरा वर नेम धरून आवळायला लागलो. तेवढ्यात चंद्र कड्यामागे गेलासुद्धा.

खोक्यावर छापलंय '८ किलो पेलते'. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. पण ८ किलो पेलणारं हेड दीड किलोला का वाकतं, हे कुणी समजावून सांगेल का? आणि मोठं हेड घ्यायचं तर किती मोठं? ते पायांच्या मध्ये मावणार का?


खटका | शनिवार, रात्री १०:३१

+१. माझंही अगदी हेच रडगाणं. खुर्ची ओढून बसलोय.


तिरका कोन | शनिवार, रात्री ११:४७

त्या '८ किलो'ला फार मनावर घेऊ नका. हेड किती वजन पेलतं हे कसं मोजायचं, यावर कंपन्यांचं एकमत नाही. वजन बरोबर बॉलच्या डोक्यावर, सरळ उभं ठेवलं तर साधं हेडही बरंच पेलेल, कारण तिथे बॉलला काही धरून ठेवावंच लागत नाही. भार खाली पायांत उतरतो. खरी परीक्षा वजन बाजूला लटकतं तेव्हा. म्हणजे किलोपेक्षा पिरगळा महत्त्वाचा. (शाळेतलं 'बलआघूर्ण' आठवतंय का? नसेल तरी चालेल.)

तुमचंच उदाहरण घेऊ. १.६ किलोचा जोड, आणि गुरुत्वमध्य कॅमेऱ्याच्या स्क्रूपासून समजा ७ सेंमी पुढे, लेन्सच्या बाजूला. म्हणजे बॉलवर सुमारे १.१ न्यूटन-मीटरचा पिरगळा. तेच वजन स्क्रूच्या बरोबर वर आलं, अगदी १ सेंमी इकडेतिकडे, तर तो ०.१६ वर येतो. वजन तेच, हेड तेच, भार सातपटीने कमी.

आता बॉलची बाजू. नॉब आवळला की आतली बैठक बॉलवर दाबली जाते आणि घर्षणाने बॉल अडतो. दाब तेवढाच धरला तर घर्षणाची पकड बॉलच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढते. २८ वरून ३६ मिमीवर गेलात तर नुसत्या आकारानेच जवळजवळ ३० टक्के फायदा. शिवाय मोठ्या बॉलची मान (बॉलवरची दांडी) जाड, बैठक रुंद, नॉब मोठा म्हणून हाताचा जोरही जास्त लागतो. प्रत्यक्षातला फरक त्या ३० टक्क्यांहून बराच जास्त जाणवतो. रियली राइट स्टफच्या बीएच-४०, बीएच-५५ या नावांतले आकडे बॉलच्या व्यासाचेच आहेत. किलोऐवजी व्यास सांगणारं नाव मला तरी प्रामाणिक वाटतं.

पण लगेच खरेदीला धावू नका. मान टाकण्याचे दोन प्रकार असतात. एकात बॉल खरोखर घसरतो. आवळून ठेवलं तरी मिनिटागणिक फ्रेम खाली सरकत राहते. दुसऱ्यात हात काढताक्षणी एकदाच फ्रेम बसते आणि मग हलत नाही. तुमचा दुसरा दिसतो. त्यात दोषी बॉलच असेल असं नाही. कॅमेऱ्याखाली स्क्रूने लावतो त्या प्लेटवरचं रबर, कॅमेऱ्याचा तळ, वर काढलेला सेंटर कॉलम (पायांमधला वर सरकणारा दांडा), कुणीही थोडंथोडं वाकत असेल.

किती वाकलं हे तुम्हीच सांगून टाकलंय, गंमत बघा. आकाशात चंद्राचा व्यास साधारण अर्धा अंश. त्याच्या अर्ध्याएवढी जागा गेली, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याने पाव अंश मान टाकली. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर १८० मिमीला एका अंशात ५२० च्या वर पिक्सेल येतात, तेव्हा पाव अंश म्हणजे १३० पिक्सेल. तोच पाव अंश २४ मिमीवर १७-१८ पिक्सेल. म्हणून रुंद लेन्स लावून हिंडणाऱ्याला त्याचं हेड उत्तम वाटतं, आणि तो इथे येऊन तसं ठासून सांगतो.

उद्या घरी एवढं करा: २०० मिमी लावा, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करा, समोर एखादा बारीक ठिपका मध्यभागी घ्या. आवळण्याआधी, आवळल्यावर आणि हात काढल्यावर असे तीन फोटो काढा. तिन्हींत ठिपका कुठे आहे ते पिक्सेलमध्ये मोजा. मग बोलू.


उनाड पाखरू | रविवार, सकाळी ७:०५

कोनराव, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

मंद शटर, एक शंका. ७०-२०० ला ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवती बसणारं, खाली पाय असलेलं कडं) आहे ना? तिचा पाय प्लेटवर बसवता की कॅमेऱ्याचा तळ?


मंद शटर | रविवार, सकाळी ९:२०

कॉलर कपाटात आहे. वजन वाचावं म्हणून काढून ठेवली होती.


खटका | रविवार, सकाळी ९:२२

अरे देवा.


तिरका कोन | रविवार, सकाळी ९:४०

धागा इथेच संपतो की काय! तरी चाचणी कराच. कॉलर लावून आणि न लावता, दोन्ही.


मंद शटर | रविवार, दुपारी ४:१५

केली. खिडकीतून दिसणाऱ्या टाकीवरचा एक खिळा धरला, २०० मिमी. आकडे पिक्सेलमध्ये, हात काढल्यावर खिळा किती सरकला त्याचे.

कॉलर नाही, कॅमेरा प्लेटवर: १४०.
कॉलर लावून, तीच प्लेट कॉलरच्या पायाला: ६२.
प्लेटचा स्क्रू नाण्याने नीट आवळल्यावर: ३६.

तिसऱ्या आकड्याची कहाणी अशी. कॉलर लावल्यावरही चित्र किंचित आडवं सरकत होतं. खाली मानेचं समजू शकतो, पण बाजूला का? बोटाने लेन्सचं तोंड ढकललं तर हेड ठाम, आणि प्लेटवर लेन्सचा पाय आपला रबरासकट डावीउजवीकडे पिळतोय. तळाला मऊ रबराचा जाड थर, त्यावर मी फक्त बोटांनी आवळलेला स्क्रू. म्हणजे १४० मधला मोठा वाटा माझ्याच कर्तृत्वाचा. हेडबिचारं ३६ चं धनी.

तरी ३६ आहेतच. शिवाय एकच नॉब. सैल केला की कॅमेरा धाडकन पडतो. हेड बदलायचं हे पक्कं, फक्त रागाने नाही.


तिरका कोन | रविवार, संध्याकाळी ६:३०

व्वा, असे धागाकर्ते सगळ्यांना मिळोत.

प्लेटचं: मऊ रबराच्या सर्वांना लागू पडणाऱ्या प्लेटपेक्षा त्याच कॅमेऱ्याच्या किंवा लेन्सच्या पायाच्या मापाची, मागे उभी कड असलेली धातूची प्लेट घ्या. ती कड तळाला टेकते आणि पिळणं बंद होतं. अ‍ॅलन कीने आवळायचा स्क्रू असेल तर उत्तम. डोक्याला कडी असलेला स्क्रू बोटांनी आवळणं सोयीचं, पण बोटांत तेवढा जोर नसतो. की कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधून ठेवा, नाहीतर नेमकी हवी तेव्हा ती घरी असते.

आता एका नॉबबद्दल, कारण माझ्या मते व्यासाच्या खालोखाल हीच गोष्ट महत्त्वाची. चांगल्या हेडला घर्षणाचा वेगळा नॉब असतो, किंवा मोठ्या नॉबच्या पोटात एक छोटी चकती. मुख्य नॉब पूर्ण सैल असतानाही बॉल किती जड फिरावा, हे त्याने ठरतं. आपल्या सर्वात जड लेन्ससह कॅमेरा लावायचा, मुख्य नॉब सोडायचा, आणि हात काढला तरी कॅमेरा जागच्या जागी राहील इतपत घर्षण वाढवायचं. मग फ्रेम जुळवताना दोन हातांची कसरत लागत नाही. कॅमेरा हवा तिथे नेला की तो तिथेच थांबतो, आणि शेवटी नॉबला अर्धा वळसा दिला की झालं. इतकं कमी आवळावं लागतं की आवळताना फ्रेम सरकतही नाही. आणि अंधारात चुकून भलताच नॉब फिरवला तर लेन्स आपटत नाही, बोटंही चिरडत नाहीत.

आर्का-स्विसच्या झेड१ मध्ये याची एक हुशार तऱ्हा आहे. बॉल पूर्ण गोल नाही, किंचित लंबगोल. कॅमेरा जसजसा कलतो तसतसं घर्षण आपोआप वाढतं. हेड मात्र प्रवासाच्या मानाने दांडगं आहे, तुमच्या पायांत मावणार नाही.


तिसरा पाय | रविवार, रात्री ९:१०

मावण्याचा मुद्दा आला म्हणून लिहितो, कारण मी यात हात पोळून घेतलाय. सुंदर ४४ मिमीचं हेड आणलं. लावलं. पाय मिटवायला गेलो तर तीनपैकी एक पाय अर्ध्यावर अडकला. शेवटी दर वेळी हेड काढून पिशवीत वेगळं ठेवायचो. अशाने 'प्रवासाचा ट्रायपॉड' या शब्दाला काही अर्थ राहत नाही.

पाय उलटे मिटवायचा हा प्रकार गिट्झोच्या ट्रॅव्हलर मालिकेने रूढ केला, आता सगळेच करतात. त्यात हेडसाठी जागा असते ती एका नळकांड्याएवढी. जाड कागदाची गुंडाळी करून सेंटर कॉलमवर उभी धरा आणि पाय मिटवा. पाय गुंडाळीला जिथे टेकतील तिथे तिचा व्यास मोजा. हेडचं अंग त्यात बसलं पाहिजे. नॉब मात्र त्या नळकांड्याबाहेर येणारच. ते दोन पायांमधल्या फटींतून बाहेर डोकावतात. फटी तीन, १२० अंशांवर. हेडला तीन नॉब असतील आणि ते एकमेकांपासून ९० अंशांवर असतील तर एकाला तरी पाय आडवा येणार. त्यातल्या त्यात पॅनचा (हेड आडवं गोल फिरवायचा) नॉब छोटा आणि तळाशी असतो, तो पायाच्या कुशीत खपून जातो. मोठा नॉब आणि घर्षणाचा नॉब यांचा कोन फोटोत वरून बघून घ्या.

उंचीही बघा. हेड उंच असलं तर मिटल्यावर क्लॅम्प (प्लेट पकडणारा वरचा भाग) पायांच्या टोकांबाहेर येतो आणि पिशवीची चेन लागत नाही. उंच हेडवर कॅमेराही वर जातो. सरळ असताना काही वाटत नाही, पण लेन्स वर आकाशाकडे कलवली की तेवढाच पिरगळा वाढतो.

काही ट्रायपॉडांत हेड सहजासहजी बदलता येत नाही. पीक डिझाइनच्या ट्रॅव्हल ट्रायपॉडमध्ये हेड सेंटर कॉलमचाच भाग आहे, पाय त्याच्याभोवती घट्ट मिटावेत म्हणून. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी हा धागा करमणूक म्हणून वाचावा.

आणि हो, आटे. हेड बसतं तो स्क्रू बहुतेक ठिकाणी ३/८ इंचाचा, कॅमेऱ्याचा १/४ इंचाचा. छोट्या ट्रायपॉडवर हेडसाठीही १/४ असू शकतो, तेव्हा आधी जुनं हेड काढून बघा. मध्ये घालायची पितळी बुश मिळते, पण प्रवासात सुटा तुकडा जितका कमी तितकं बरं. जुनं हेड काढताना नुसतं पिळत बसू नका. बैठकीच्या खालून एक ते तीन बारीक स्क्रू हेडला टेकवलेले असतात, ते आधी सैल करायचे. मी ते न बघता पान्याने पिळलं होतं. ती बैठक आजही वाकडी आहे.


उनाड पाखरू | रविवार, रात्री १०:०२

क्लॅम्पबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून मी माझी जखम उघडी करते.

आर्का पद्धतीची प्लेट, म्हणजे साधारण ३८ मिमी रुंदीची, दोन्ही कडा तिरक्या. सगळे म्हणतात हे 'स्टँडर्ड' आहे. नाहीये. एका कंपनीची पद्धत बाकीच्यांनी उचलली, आणि प्रत्येकाने ती आपापल्या मापाने उचलली. कुणाची प्लेट केसभर रुंद, कुणाची अरुंद, कुणाच्या कडेचा कोन वेगळा. स्क्रूवाल्या क्लॅम्पला फरक पडत नाही, तो हवा तेवढा आवळता येतो. लिव्हरवाला क्लॅम्प ठरलेल्या रुंदीवर बंद होतो. प्लेट अरुंद असली तरी तो तितक्याच ऐटीत 'टक्' असा आवाज करतो.

माझ्या बाबतीत तो 'टक्' ऐकून मी खूश झाले. हेड एका कंपनीचं, प्लेट दुसऱ्या. कॅमेरा ओढून बघितला नाही. ट्रायपॉड खांद्यावर टाकून चार पावलं चालले आणि मागे दगडावर आवाज झाला. लेन्सचं फिल्टरचं रिंगण चेपलं, बाकी वाचलं. तेव्हापासून स्क्रूचाच क्लॅम्प. कितीही सावकाश असला तरी.


तिरका कोन | रविवार, रात्री १०:२०

जखमेबद्दल सहानुभूती, निष्कर्षाशी असहमत. :) थंडीत हातमोजे घालून स्क्रूचे चार वळसे फिरवणं म्हणजे शिक्षा. मी लिव्हरच वापरतो, फक्त हेड आणि सगळ्या प्लेटा एकाच घरच्या. काही लिव्हरांना पकड कमीजास्त करायची सोय असते, तो मधला मार्ग. स्क्रूही निर्दोष नाही. अर्धवट आवळलेला स्क्रू आणि पूर्ण आवळलेला स्क्रू अंधारात सारखेच दिसतात. लिव्हर निदान कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं.


उनाड पाखरू | रविवार, रात्री १०:२६

ते तुमचं शिस्तीचं घर. माझ्याकडे तीन कंपन्यांच्या पाच प्लेटा आहेत आणि कुठली कुठे बसते ते त्यांनाच ठाऊक.

पण एका गोष्टीवर तरी भांडण नसावं. प्लेटच्या खाली दोन्ही टोकांना बारीक स्क्रू लावायला भोकं असतात. ते लावले की क्लॅम्प थोडा सैल राहिला तरी प्लेट घसरून बाहेर पडत नाही, स्क्रू अडतो. प्लेटच्या पाकिटात ते येतात आणि पाकिटातच राहतात. माझेही राहिले होते.


तिसरा पाय | रविवार, रात्री १०:३१

या बाईंशी पूर्ण सहमत. आणि मॅनफ्रोटोची जुनी चौकोनी आरसी२ ची प्लेट आर्का क्लॅम्पमध्ये बसत नाही, हेही कुणीतरी लिहून ठेवा. मी लिहिलं.


अर्धी पाणसळ | सोमवार, सकाळी ८:५०

मी जरा उलटा सूर लावतो. बॉलहेड कशाला? बॉल सुटला की तिन्ही दिशा एकदम सुटतात. क्षितिज सरळ करायला जावं तर नेम हलतो, नेम धरावा तर क्षितिज तिरपं. दांड्यांचं थ्री-वे हेड घ्या, एका वेळी एकच दिशा हलवा, सुखी व्हा. दात्यांचं (गिअरचं) हेड तर त्याहून गोड, बारीक नॉब फिरवा आणि केसभर सरकवा. मान टाकायचा प्रश्नच नाही.


तिसरा पाय | सोमवार, सकाळी ९:०५

आणि ते दात्यांचं हेड पाठीवर कोण वाहणार, आपण?


अर्धी पाणसळ | सोमवार, सकाळी ९:११

मुद्दा मान्य. मी गाडीपासून फार लांब जात नाही.

बरं, बॉलहेडच घेणार असाल तर पॅनबद्दल तेवढं ऐका. नेहमीच्या हेडचा पॅन तळाशी असतो, बॉलच्या खाली. म्हणजे कॅमेरा कितीही सरळ केला तरी फिरणारा तळ जर तिरका असेल, तर फिरवता फिरवता क्षितिज वाकडं होत जातं. जोडून लांबट पॅनोरमा करणाऱ्यांना हे फार छळतं. उपाय दोन. एक म्हणजे पाय कमीजास्त करत तळच पाणसळीत आणायचा, उतारावर घाम निघतो. दुसरा, पॅन बॉलच्या वर असलेलं हेड घ्यायचं. मग बॉलने वरचा भाग सपाट करा आणि खुशाल फिरवा. आर्का-स्विसच्या पी० मध्ये बॉल उलटाच बसवलेला आहे, आणि नॉबऐवजी भोवतालचं कडं फिरवून आवळायचं. अ‍ॅक्राटेकचं जीपी हेड उलटं करून लावता येतं आणि तोच परिणाम साधतो. वरच्या क्लॅम्पलाच पॅन असलेली हेडही मिळतात, पण फिरणारा प्रत्येक जोड थोडा तरी डुलतो, आणि उंचीही वाढते.

पॅनोरमा करत नसाल तर यातलं काहीच नको.


मंद शटर | सोमवार, दुपारी १:३०

पॅनोरमा क्वचित. उभ्या फ्रेम मात्र भरपूर काढतो. हेडला बाजूला जी खाच असते, तिच्यात मान पाडून कॅमेरा उभा करतो. ते बरोबर ना?


तिरका कोन | सोमवार, रात्री ८:१५

चालतं, पण छोट्या हेडशी ती सर्वात मोठी दुष्टाई. खाचेत मान पाडली की अख्खा कॅमेरा ट्रायपॉडच्या मध्यरेषेबाहेर लटकतो. पिरगळा वाढतो, आणि हलका ट्रायपॉड वाऱ्यात उलटूही शकतो. तसं करावंच लागलं तर ज्या बाजूला कॅमेरा लटकतोय त्याच बाजूला एक पाय येऊ द्या. शिवाय खाचेत मान टेकल्यावर डावीउजवीकडे वळवायला वाव उरत नाही. जरा बाजूला बघायचं म्हटलं की अख्खं हेडच पॅनवर फिरवावं लागतं.

एल-ब्रॅकेट घ्या. कॅमेऱ्याच्या तळाला आणि एका बाजूला आर्काची कड. क्लॅम्प उघडायचा, कॅमेरा उभा करून दुसऱ्या कडेवर बसवायचा. वजन मध्यावरच राहतं, फ्रेमही फारशी बदलत नाही. शंभरेक ग्रॅम वाढतात, पण या शंभर ग्रॅमने तुमचं हेड एक आकार मोठं होतं असं समजा. घेताना बॅटरीचं दार ब्रॅकेट न काढता उघडतंय का आणि बाजूच्या वायरींना जागा आहे का एवढं बघा. स्क्रीन बाहेर वळणारी असेल तर ती अडकते का तेही.

७०-२०० च्या कॉलरला हे लागू नाही. तिथे कॉलर सैल करून लेन्सच आत फिरवायची. कॉलर कपाटात नसेल तर.


खटका | सोमवार, रात्री ८:२०

:D :D


उनाड पाखरू | मंगळवार, दुपारी १२:४०

देखभालीचं थोडक्यात. बॉल करकरतोय म्हणून मी एकदा त्यावर गंज काढायचा स्प्रे मारला होता. बॉल इतका मऊसूत झाला की आवळूनही थांबेना. पकड घर्षणाची आहे, हे तेव्हा डोक्यात शिरलं. कोरड्या फडक्याने पुसा, एवढंच. वाळू गेली असेल तर आधी फुंकून काढा, फिरवू नका, नाहीतर बॉलवर कायमचे ओरखडे. कडाक्याच्या थंडीत आतलं ग्रीस घट्ट होऊन बॉल अडखळतो. अ‍ॅक्राटेकची उघड्या अंगाची हेड बिनग्रीसची असतात, त्यांना हा त्रास नाही आणि माती धुतलीही जाते.


मंद शटर | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:१०

अपडेट देतो, म्हणजे पुढे शोधत येणाऱ्याला उपयोग होईल.

३६ मिमी बॉलचं हेड घेतलं. घर्षणाचा नॉब वेगळा, पॅन तळाशी, स्क्रूचा क्लॅम्प (पाखरूताईंचा दगडावरचा आवाज डोक्यातून जाईना). जुनं १९० ग्रॅम होतं, हे ३१५. आधी कागदाची गुंडाळी करून पाहिली. ४० मिमीचं एक हेडही मनात होतं, ते गुंडाळीनेच बाद केलं.

तोच खिळा, तीच लेन्स, कॉलर लावून, नवी धातूची प्लेट: ९ पिक्सेल. कॉलर काढून मुद्दाम पाहिलं: ४१. म्हणजे नवं हेड बिनकॉलरचं आणि जुनं हेड कॉलरसकट, जवळजवळ बरोबरीत. हे आधी कळलं असतं तर... असो.

एक गोष्ट राहिली होती. बसवल्यावर घर्षणाचा नॉब नेमका एका पायाच्या वाटेत. पाय बोटभर उघडाच राहायचा. तिसरा पाय यांनी लिहिलं होतं तसे बैठकीखालचे दोन स्क्रू सैल केले, हेड जरासं उलटं फिरवून नॉब फटीत आणला आणि ते स्क्रू पुन्हा टेकवले. आता मिटतो. मोठ्या नॉबचा कंगोरा एका पायाला घासतो, तिथे पट्टी चिकटवलीय.

सर्वात जास्त सुख मात्र त्या घर्षणाच्या नॉबचं. मुख्य नॉब सोडून हात काढला आणि कॅमेरा तिथेच उभा. मीच दचकलो.


तिरका कोन | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३५

९ पिक्सेल म्हणजे २०० मिमीवर अंशाचा पासष्टावा हिस्सा. आता उरलेला दोष कॉलरचा आणि पायांखालच्या फरशीचा. मोजणं थांबवा आणि बाहेर पडा. सेंटर कॉलम मात्र गरजेपुरताच वर काढा, आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.


उनाड पाखरू | पुढचा रविवार, रात्री ९:०२

अभिनंदन! प्लेटच्या टोकांचे दोन बारीक स्क्रू लावलेत ना?


मंद शटर | पुढचा रविवार, रात्री ९:०४

…पाकिटात आहेत. थांबा, उठतो.